ओळख आणि ओळखपत्र

हॉटेलात दारू मागणाऱ्या गिऱ्हाइकाचे वय वेटरने कसे विचारावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय ऐकून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतील, हे मला ठाऊक आहे. ज्या गावांतल्या बायाबापड्यांनी मतदान करून बाटली आडवी केली, त्या गावांतही हे भाषण ऐकले जाणार. आणि ज्या शिक्षकांनी मुलांकडून व्यसनमुक्तीच्या प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या, तेही ते ऐकणार. त्यांना वाटेल, प्राध्यापक महाशयांना दुसरे काही सुचले नाही काय? मी दारूचा पुरस्कार करायला आलेलो नाही, आणि दारूबंदीवर व्याख्यान द्यायलाही आलेलो नाही. मला बोलायचे आहे ते पिणाऱ्याविषयी नव्हे, वाढणाऱ्याविषयी. कारण तो वाढणारा मुलगा तुमच्यामाझ्या गावचा आहे.

तालुक्याच्या गावाहून महामार्गाच्या दिशेने निघा. ऊस संपतो, पेट्रोलपंप लागतो, आणि मग एकामागून एक 'फॅमिली रेस्टॉरंट आणि बार' अशा पाट्या दिसू लागतात. संध्याकाळी सहा वाजता तिथे दिवे लागतात आणि काळी पँट, पांढरा शर्ट घातलेली मुले टेबले पुसू लागतात. ही मुले कोण? कोणी दहावी नापास, कोणी आयटीआय करून घरी बसलेला, आणि कोणी माझ्यासारख्याच्या वर्गात सकाळी अर्थशास्त्र शिकणारा. माझा पहिला तास साडेसातला असतो. एक विद्यार्थी पहिल्या बाकावर बसून रोज जांभया द्यायचा. मला राग यायचा; वाटायचे, माझे शिकवणे इतके का नीरस आहे? एकदा फैलावर घेतला, तेव्हा कळले की तो रात्री एक वाजता अंथरुणाला पाठ टेकतो. घरी तीन एकर कोरडवाहू जमीन, बहिणीचे शिक्षण, आणि हा एम. ए.च्या पहिल्या वर्षाला. मग मी त्याच्या जांभयांकडे पाहायचे सोडून दिले.

या मुलाची हकीकत मला तुम्हांला सांगायची आहे. नाव सांगत नाही, आणि तो ज्या हॉटेलात होता त्याचेही सांगत नाही. सांगून काही उपयोग नाही, कारण तशी हॉटेले पुष्कळ आहेत.

डिसेंबर २०२३ मधली गोष्ट. रात्री नऊच्या सुमारास एका मोटारीतून चार तरुण उतरले. त्यांच्यातल्या एकाचे घराणे पंचक्रोशीत माहीत असलेले. आमच्या विद्यार्थ्याची आई त्याच घराण्याच्या शेतावर खुरपणीला जाते, हेही ध्यानात घ्या. त्या तरुणाने व्हिस्की मागितली. हा म्हणाला, "दादा, वयाचा पुरावा दाखवता का?" त्याने हसत हसत खिशातून ड्रायव्हिंग लायसन्स काढून टेबलावर टाकले. याने उचलून पाहिले. जन्मसाल २००३. म्हणजे वीस वर्षे. हा म्हणाला, "दादा, व्हिस्कीला पंचवीस पूर्ण लागतात." तो म्हणाला, "लायसन्स आहे ना? मग?" हा म्हणाला, "हे गाडी चालवायचं लायसन्स आहे."

झाले. टेबलावरचे तिघे हसले, आणि ज्याच्यावर हसले त्याचा चेहरा उतरला. त्याने मालकाला फोन लावला. मालक आतून बाहेर आले आणि सर्वांच्या देखत म्हणाले, "अरे, ओळखीचे आहेत. दे." आमचा विद्यार्थी तसाच उभा राहिला. मालकांनी दुसऱ्या पोराला हाक मारली, त्याने ग्लास आणून ठेवले. दुसऱ्या दिवशी याला निरोप मिळाला, चार दिवस येऊ नकोस. चार दिवसांनंतरही कोणी बोलावले नाही.

त्या रात्री पुढे काय घडले, असे तुम्ही विचाराल. काहीही घडले नाही. ते चौघे प्यायले, जेवले, बिल दिले आणि सुखरूप घरी गेले. बहुतेक रात्री असेच होते, आणि म्हणूनच हा प्रश्न कोणाला प्रश्न वाटत नाही.

तो मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, माझं चुकलं का?" आणि श्रोतेहो, मी एम. ए., वीस वर्षे मुलांना शिकवणारा मनुष्य, त्याला काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "अरे, तुझं काम ताट वाढायचं. चौकशा करायचं नाही. मालक म्हणेल तसं करावं. नोकरी सांभाळावी." तो "बरं सर" म्हणून गेला. शहाणपणाचा सल्ला दिला असे मला त्या वेळी वाटले होते.

पुढे पाचच महिन्यांनी, १९ मे २०२४ च्या पहाटे, पुण्याच्या कल्याणीनगरात काय झाले ते तुम्ही वर्तमानपत्रांत वाचले आहे. सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, ठार झाले. बारावीच्या निकालाचा आनंद साजरा करून ती मुले निघाली होती. त्या मुलांना वय न तपासता दारू दिली, या आरोपावरून पोलिसांनी बारचे मालक आणि व्यवस्थापक यांनाही अटक केली. त्या प्रकरणाच्या इतर पुष्कळ बाजू आहेत, त्यांत मी शिरत नाही. मला मात्र त्या बातमीतली एकच ओळ पुनःपुन्हा दिसत राहिली, ती म्हणजे वय न तपासता. कोणीतरी त्या टेबलापाशी वही-पेन्सिल घेऊन उभा राहिला असेल. त्यालाही कोणी सांगितले असेल का, की चौकशा करू नकोस म्हणून?

मी त्या विद्यार्थ्याला बोलावून घेतले आणि म्हटले, "त्या दिवशी तुझं नाही, माझं चुकलं." तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ते जाऊ द्या सर. पण विचारायचं कसं, ते सांगा. भांडण न होता विचारायचं कसं?" याचे उत्तर माझ्यापाशी तयार नव्हते. मग आम्ही दोघे बसलो, कायदा वाचला, दोन-चार जुन्या वेटरना भेटलो, आणि जे समजले ते आज तुमच्यापुढे मांडतो आहे.

प्रथम कायदा. हे थोडे रुक्ष आहे, पण ऐकून घ्या. आपल्या राज्यात दारूसंबंधीचा मूळ कायदा १९४९ चा आहे, आणि त्याचे नाव दारूबंदी कायदा असेच आहे. १९५० साली मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. त्या काळी प्रकृतीच्या कारणाने ज्याला दारू हवी त्याला सरकारी परवाना घ्यावा लागे. पुढे बंदी सैल झाली, पण परवाना राहिला. म्हणूनच बारला आपल्याकडे आजही 'परमिट रूम' म्हणतात. वर्षाचा परवाना आहे, आयुष्यभराचा आहे, आणि एका दिवसाचाही आहे. एका दिवसाचा विदेशी मद्याला पाच रुपये, देशीला दोन. अनेक ठिकाणी हा परवाना म्हणजे बिलाच्या बुकासारखी फाडायची पावती होऊन बसली आहे, आणि ज्याच्या नावाने ती फाडायची तो गिऱ्हाईक तिच्याकडे पाहतही नाही. वयाची अट अशी, की सौम्य बिअरला २१ वर्षे पूर्ण पाहिजेत आणि व्हिस्की, रम, ब्रँडी, देशी असल्या कडक दारूला २५ पूर्ण पाहिजेत. आमचा विद्यार्थी त्या वेळी तेविशीत होता; म्हणजे जो ग्लास तो दुसऱ्यापुढे ठेवी, तो त्याला स्वतःला कायद्याने उचलता आला नसता.

वयाची अट राज्याराज्यांत वेगळी आहे. महामार्गावर परराज्यातली गाडी थांबते आणि आतला तरुण म्हणतो, आमच्याकडे एवढे लागत नाही. त्याला नम्रपणे सांगायचे, की ग्लास जिथे भरला जातो तिथला नियम चालतो.

आणि एक कलम असे आहे की ते प्रत्येक वेटरने पाठ करून ठेवावे. बालन्याय कायदा, २०१५, कलम ७७. अठरा वर्षांखालील मुलाला जो मादक पेय देईल किंवा देववील, त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. देईल किंवा देववील, हे शब्द नीट ऐका. त्यात 'दे' म्हणणारा मालक आला, आणि ग्लास टेबलावर ठेवणारा पोरगाही आला. मालकाला वकील असतो. पोराला कोण असतो? ज्याला मी 'नोकरी सांभाळ' म्हणालो, त्याला मी काय सांभाळायला सांगत होतो, हे मला हे कलम वाचल्यावर समजले.

पंचवीसच का, बाविशीत मनुष्य लग्न करतो, मत देतो, सैन्यात जातो, मग त्याला एक पेग का चालू नये, असा वाद तरुण घालतात. वादात अगदीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. मेंदूचा जो भाग माणसाला 'थांब' म्हणतो तो विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो, असे शास्त्रज्ञ सांगतात. पण वेटरने हा वाद टेबलाशी घालू नये. वय किती असावे हे विधिमंडळाने ठरवायचे. वेटरने फक्त ते पाहायचे.

आता पाहायचे कसे? चेहऱ्यावरून वय ओळखता येते, असे ज्याला वाटते त्याने आठ दिवस हे काम करून पाहावे. उन्हातान्हात राबलेला एकोणीस वर्षांचा पोरगा तिशीचा दिसतो, आणि शहरात सावलीत वाढलेला सत्तावीस वर्षांचा मनुष्य कॉलेजकुमार वाटतो. मिशीवर तर मुळीच विश्वास ठेवू नये. इंग्लंडात दारूचे वय अठरा आहे. पण तिथल्या पुष्कळ दुकानांत आणि पबांत रीत अशी, की जो पंचविशीच्या आत दिसेल त्या प्रत्येकाला पुरावा मागायचा. मधली सात वर्षे ही अंदाज चुकण्यासाठी सोडलेली जागा. आपल्याकडे शिकायला गेलेली मराठी मुले तिथे संध्याकाळी हॉटेलांत काम करतात, त्यांना पहिल्याच दिवशी हे शिकवले जाते. आपल्याकडे कडक दारूचे वय पंचवीस. तेव्हा जो तिशीपस्तिशीच्या आत दिसतो त्या प्रत्येकाला विचारावे. एकट्याला निवडून विचारले की त्याला झोंबते. सर्वांना विचारले की ती रीत होते.

मग कार्ड समोर येते. इथे घोटाळे फार. पहिला घोटाळा तुम्ही ऐकलाच. लायसन्स अठराव्या वर्षी मिळते, मतदार ओळखपत्र अठराव्या वर्षी मिळते. कार्ड आहे म्हणजे वय झाले, असे नव्हे. कार्डावरची तारीख पाहिली पाहिजे. आधार कार्ड सर्वांपाशी असते. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिले गेले, याचा आपल्याला अभिमान आहे. पण कित्येक जुन्या आधार कार्डांवर नुसते जन्मवर्ष आहे, दिवस-महिना नाही. ज्याचे वर्ष अगदी काठावरचे, त्याच्याकडे मग दुसरे कार्ड मागावे. फोनमध्ये काढून ठेवलेला कार्डाचा फोटो चालू नये, कारण फोटोतला आकडा बदलणे हा आता पोरखेळ झाला आहे. सरकारच्या डिजिलॉकरमध्ये असलेले लायसन्स चालते, पण ते त्याने तुमच्यासमोर उघडून दाखवले पाहिजे. फोटोतला चेहरा आणि समोरचा चेहरा जुळतो का, हे पाहायला पुष्कळजण विसरतात. थोरल्या भावाचे कार्ड घेऊन धाकटा येतो, आणि भावाभावांचे तोंडवळे सारखे असतात, अशा वेळी कार्ड हातात ठेवून सहज विचारावे, "दादा, जन्मसाल कोणतं?" स्वतःचे साल मनुष्य विचार न करता सांगतो. दुसऱ्याचे सांगताना अडखळतो.

आणखी एक. कार्ड पाहावे आणि लगेच परत द्यावे. ते गल्ल्यावर ठेवून घेऊ नये, त्याचा फोटो काढू नये, नाव-पत्ता मोठ्याने वाचू नये. त्यावर एखाद्याच्या मुलीचा पत्ता असतो. आपल्याला वय पाहण्यापुरता अधिकार आहे, त्याहून अधिक नाही.

टेबलावर चौघे असले आणि एकट्यानेच कार्ड दाखवून चार ग्लास मागितले, तर बाकी तिघांचे काय? इथे नवखा वेटर हमखास फसतो. ग्लास मोजावेत, आणि जितके ग्लास तितकी कार्डे. एकाने मागायचे आणि दुसऱ्याने प्यायचे, ही युक्ती आपल्या लोकांना कोणी शिकवावी लागत नाही.

इतके सगळे समजले तरी मुख्य अडचण राहतेच. ती कार्डाची नाही, तोंडाची आहे. विचारायचे कोणत्या तोंडाने?

श्रोतेहो, आपल्या भाषेत 'ओळख' हा शब्द मोठा गमतीचा आहे. मी कोण, ती माझी ओळख. आणि तुमचा-माझा परिचय, तीही ओळखच. खेड्यात दुसरी ओळख असली की पहिलीची कधी गरज पडत नाही. अमक्याचा मुलगा, तमक्याचा पुतण्या, एवढे सांगितले की दुकानदार उधार देतो, एस. टी.चा कंडक्टर थांबतो. हे चांगलेच आहे. याच विश्वासावर गाव चालते. पण त्यामुळे झाले आहे असे, की कोणी कागद मागितला की आपल्याला तो विश्वासाचा भंग वाटतो. "मला ओळखत नाहीस?" हा प्रश्न आपल्याकडे प्रश्न नसतो, ती धमकी असते. आणि "ओळखीचे आहेत, दे" ही मालकाची आज्ञा त्याच्या मते उदारपणाची असते. बँकेतला कारकून कार्ड मागतो तेव्हा आपण मुकाट्याने देतो; वेटरने मागितले की अपमान होतो. का? कारण बँकेतला कारकून टेबलापलीकडे खुर्चीत बसलेला असतो, आणि वेटर आपल्यापुढे उभा असतो. उभा राहणाऱ्याने बसलेल्याला विचारायचे नाही, हा आपला जुना शिरस्ता. खरा अडथळा तो आहे.

म्हणून शब्द जपून वापरावे लागतात. जुन्या वेटरनी आम्हांला जे सांगितले ते मला माझ्या कित्येक पुस्तकांपेक्षा मोलाचे वाटले. पहिली गोष्ट वेळेची. पाणी ठेवतानाच विचारावे. ऑर्डर झाली, चकणा आला, गप्पा रंगल्या, आणि मग कार्ड मागितले, तर नकार पाचजणांच्या देखत होतो. दुसरी गोष्ट, "तुमचं वय काय?" असे कधी विचारू नये. "दादा, पाणी घ्या. ड्रिंक्स घेणार असाल तर एकेक कार्ड दाखवून ठेवा, आमच्याकडे सगळ्यांनाच विचारतो," असे म्हणावे. कार्ड दोन्ही हातांनी घ्यावे आणि दोन्ही हातांनी परत द्यावे. आणि वय भरत नसेल तर 'नाही' हा शब्द सुटा सोडू नये. त्याच्याबरोबर दुसरे काहीतरी पुढे करावे. "दादा, ते जमणार नाही, पण आज मटण चांगलं झालंय, आणि लिंबूसोडा लगेच आणतो." एक साठीचे वेटर आम्हांला म्हणाले, "साहेब, पोराला नाही म्हणायचं असतं, पण त्याच्या मित्रांसमोर नाही म्हणायचं नसतं. मी वाकून कानाजवळ बोलतो. निम्मं भांडण तिथंच मिटतं." शिक्षकांनी हे वाक्य आपल्या वर्गासाठीही लक्षात ठेवायला हरकत नाही.

पण कानाजवळ बोलूनही जो ऐकत नाही, त्याचे काय? तिथे वेटरची गोडी संपते आणि मालकाचे काम सुरू होते. मी त्या मुलाच्या मालकावर रागावलो होतो, पण त्यांचीही एक बाजू आहे. चौघांचे बिल दोन-तीन हजारांचे. शिवाय पंचक्रोशीतले वजनदार घराणे, उद्या वेगळाच त्रास नको. अर्थशास्त्राचा मास्तर म्हणून मी हिशेब मांडून पाहिला. एका बाजूला एका रात्रीचे बिल. दुसऱ्या बाजूला परवाना, जागेचे भाडे, कर्जाचा हप्ता, दहा-बारा पोरांचे पगार, आणि वेळ आलीच तर तुरुंग. हिशेब अवघड नाही. मालकाला तो कळत नाही असेही नाही. पण नुकसान झालेच तर उद्या होणार, आणि बिल आज मिळणार. तेव्हा आजचे पारडे जड होते. शेतकरी बांधवांना हे मी काय सांगू? पीकविम्याच्या बाबतीत आपणही तेच करतो.

आता मी शिक्षकमित्रांकडे वळतो. तुम्हांला वाटत असेल, या सगळ्यात आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो जुना आहे. आपल्याकडच्या हजारो माणसांचा वाढदिवस १ जून आहे. त्या दिवशी आभाळातून मुले पडली नव्हती. आईबापांना तारीख ठाऊक नव्हती, आणि शाळेत नाव घालताना मास्तरांनी हिशेबाला सोयीची म्हणून ती लिहिली. कोणाचे एक वर्ष कमी झाले, कोणाचे दोन वर्षे वाढले. माझ्या वडिलांचाही वाढदिवस १ जूनच आहे. खरा कोणता ते आजीला एवढेच आठवत होते, की त्या वर्षी विहिरीला पाणी लागले. जनरल रजिस्टरमध्ये शाईने लिहिलेली ती तारीख मग दाखल्यावर आली, दाखल्यावरून लायसन्सवर, आणि आज तीच तारीख हॉटेलातल्या मंद दिव्याखाली एक वेटर डोळे बारीक करून वाचतो आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या नुकसानभरपाईच्या एका प्रकरणात आधारवरच्या तारखेपेक्षा शाळेच्या दाखल्यावरची तारीख ग्राह्य धरली. तुमच्या रजिस्टरची किंमत एवढी आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून नवा कायदा लागू झाला आहे. तेव्हापासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून लायसन्सपर्यंत जन्मदाखलाच लागणार. म्हणजे १ जूनचे दिवस सरले. पण आज जी पोरे विशीत आहेत ती त्याआधीची आहेत.

दुसरे, तारखांची वजाबाकी. चालू तारखेतून जन्मतारीख वजा करून वय काढणे तुम्ही मुलांना शिकवता. दिवस कमी पडले की महिना हातचा घ्यायचा, महिना कमी पडला की वर्ष. मी माझ्या पदवीच्या वर्गाला हे गणित घातले. अर्ध्या वर्गाने नुसते साल साल वजा केले आणि वाढदिवस व्हायचा आहे की झाला आहे हे पाहिलेच नाही. परीक्षेत अर्धा गुण जातो. टेबलाशी मात्र याच चुकीने बेकायदा ग्लास भरला जातो.

या चुकीवर आमच्या विद्यार्थ्यानेच तोड काढली. त्याला पुढे दुसऱ्या एका हॉटेलात काम मिळाले. तिथले मालक स्वतः पंधरा वर्षे वेटर होते. याने आधीच्या नोकरीची हकीकत लपवली नाही, ती ऐकून ते म्हणाले, "तू विचार. कोणी फोन केला तर मी घेतो." इतकेच म्हणाले. मग याने माझ्याकडे एक पाटी मागितली. जिल्हा परिषदेच्या एका शाळेत अडगळीत पडलेली जुनी दगडी पाटी आमच्या एका शिक्षकमित्राने दिली. तिच्यावर हा रोज संध्याकाळी खडूने दोनच ओळी लिहितो, आणि ती गल्ल्याच्या वर, सर्वांना दिसेल अशी टांगतो. आज १० जुलै २०२५ असेल तर एक ओळ, बिअर: जन्म १० जुलै २००४ किंवा आधी. दुसरी ओळ, इतर: जन्म १० जुलै २००० किंवा आधी. वजाबाकी दिवसातून एकदाच, उजेडात, शांतपणे करायची. मग रात्रभर नुसते कार्ड आणि पाटी पाहायची. गिऱ्हाईक चिडले तर वेटर पाटीकडे बोट दाखवतो. पाटीशी कोण भांडणार?

भांडणे अजिबात होत नाहीत असे नाही. आठवड्याला एखादे टेबल उठून जातेच, आणि ते पलीकडच्या बारमध्ये बसते, जिथे पाटी नाही. मालक ते पाहतात आणि काही बोलत नाहीत. एकदा मात्र म्हणाले, "सर, सगळ्या रस्त्याला पाटी लागली असती तर बरं झालं असतं."

२०२५ च्या मे महिन्याची अखेर होती, शनिवार. त्या बाजूने परत येताना मी चहाला थांबलो. पाच वाजले होते. आमचा विद्यार्थी स्टुलावर उभा राहून ओल्या फडक्याने पाटी पुसत होता. मी म्हटले, "काय रे, आज घाईत?" तो म्हणाला, "सर, आज एकतीस. उद्या एक जून, आणि त्यात रविवार. उद्या निम्म्या तालुक्याचा वाढदिवस." आम्ही दोघेही हसलो. त्याने पाटी वाळू दिली, खडू घेतला, मनाशी एकदा आकडे पुटपुटले आणि दोन्ही ओळी लिहिल्या. बाहेर एक गाडी येऊन थांबली. तो स्टुलावरून उतरला, हाताचा खडू झटकला, आणि पाण्याचा जग घेऊन टेबलाकडे गेला.